पीएस४ चे जुने रिमोट पीएस५ ला चालतात का? प्रत्येक दुकानदार वेगळंच सांगतोय

सिडको_स्ट्रायकर

नमस्कार मंडळी, नाशिकमधलं कोणी पीएस५ वापरत असेल तर जरा नीट समजावून सांगा. घरी पीएस४ (सोनीचं प्लेस्टेशन ४) स्लिम आहे आणि त्याचे तीन ओरिजनल रिमोट, म्हणजे ड्युअलशॉक ४ आहेत, तिन्ही चालू, एकाच्या फक्त डाव्या अ‍ॅनालॉगचं रबर सोलायला लागलंय. दिवाळीला पीएस५ घ्यायचं घरात पक्कं झालंय. बाबा तयार आहेत पण त्यांचं म्हणणं असं की पेटीत एक रिमोट येतोच, तीन घरात पडलेत, मग वरून अजून रिमोट कशाला. आणि त्यांचंही बरोबर आहे, एका ड्युअलसेन्सला, म्हणजे पीएस५ च्या रिमोटला, सहा हजारांच्या आसपास जातात, दोन घ्यायचे म्हटले तर बारा हजार नुसते रिमोटचे.

एमजी रोडला एका दुकानात विचारलं तर तो म्हणे ब्लूटूथच आहे ना, सगळं चालतं, बिनधास्त घे. शेजारचा म्हणाला काहीच चालत नाही, नवीनच घ्यावे लागतील, आणि लगेच काउंटरवर दोन काढून पण ठेवले. नेटवर बघितलं तर कोणी हो म्हणतं, कोणी नाही म्हणतं आणि व्हिडिओवाले अर्धा वेळ पेटी उघडण्यातच घालवतात.

आमच्याकडे एकट्याने खेळणारं कोणी नाही. सुट्टीत सिन्नरहून मामाची पोरं येतात, शनिवारी बिल्डिंगमधले मित्र असतात, त्यामुळे किमान तीन रिमोट एका वेळी चालायलाच पाहिजेत. फिफा २३, क्रिकेट २२, टेकन ७ आणि इट टेक्स टू, सगळ्या पीएस४ च्या डिस्क. नवीन घेतल्यावर टेकन ८ आणि स्प्लिट फिक्शन खेळायचंय. यात जुन्या रिमोटवर काय चालेल आणि काय नाही, एवढं कोणी खात्रीने सांगितलं तर फार बरं होईल.

पंचवटी८८

चालतात भावा, पण फक्त पीएस४ च्या गेमला. पीएस५ च्या गेमला ड्युअलसेन्सच लागतो. टेकन ७ जुन्यावर चालेल, टेकन ८ नाही चालणार. स्प्लिट फिक्शन पण नाही, तो पीएस४ ला आलेलाच नाही.

गोदाकाठ

पंचवटी भाऊंनी बरोबर सांगितलंय पण थोडं सविस्तर लिहितो, कारण दोन्ही दुकानदार अर्धं अर्धं खरं बोलत होते आणि गोंधळ त्यातूनच झालाय.

ड्युअलशॉक ४ पीएस५ ला जोडला जातो. मायक्रो यूएसबीची केबल लावायची, मधलं पीएस बटण दाबायचं, झालं. होम स्क्रीनवर फिरता येतं, सेटिंगमध्ये जाता येतं, स्टोअर बघता येतं. दुकानदार इथपर्यंत दाखवतो आणि म्हणतो बघ चालला. घरी येऊन पीएस५ चा गेम टाकला की स्क्रीनवर मेसेज येतो की हा कंट्रोलर या गेमला वापरता येणार नाही, ड्युअलसेन्स जोडा. म्हणजे जोडला जाणं आणि खेळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठरवतं कोण, तर कन्सोल नाही, तुम्ही गेमची कुठली आवृत्ती चालवताय ते ठरवतं. सोनीने हे ऑगस्ट २०२० मध्येच, म्हणजे पीएस५ बाजारात यायच्या आधीच जाहीर केलं होतं, की ड्युअलशॉक ४ पीएस४ च्या गेमला चालेल आणि पीएस५ च्या गेमला नव्या कंट्रोलरची सगळी फीचर वापरता यायला हवीत म्हणून ड्युअलसेन्स लागेल. तेव्हापासून यात बदल नाही.

आता तुझ्या गेमकडे ये. फिफा २३ पीएस४ ला पण आहे आणि पीएस५ ला पण आहे. क्रिकेट २२ तसंच, इट टेक्स टू तसंच. तुझ्याकडे पीएस४ च्या डिस्क आहेत ना, त्या पीएस५ मध्ये टाकल्या की पीएस४ ची आवृत्ती चालते आणि त्यावर तुझे तिन्ही जुने रिमोट आरामात चालतील, शिवाय पेटीतला ड्युअलसेन्स पण त्यांच्याच सोबत चालेल. एक नवा आणि तीन जुने असे चार जण एकत्र बसू शकता, त्यात काही अडचण नाही. पण त्याच गेमची पीएस५ आवृत्ती उतरवून घेतली, अपग्रेड फुकट मिळतंय म्हणून केलं, की तिथं जुने रिमोट बंद. बरेच जण इथंच फसतात. पीएस५ चा अपग्रेड बघून खूश होतात, उतरवतात, रात्री मित्र येतात आणि मग शोध सुरू होतो की काल चालत होते ते आज का चालत नाहीत.

तपासायचं कसं? होम स्क्रीनवर गेमवर जा, खेळायच्या बटणाशेजारी तीन ठिपके दिसतात, त्यात दोन्ही आवृत्त्या असतील तर निवडता येतात. गेमच्या नावाजवळ पीएस४ लिहिलेलं दिसलं की समजायचं जुना रिमोट चालेल. आणि एक लक्षात ठेव, दोन्ही आवृत्त्यांचं सेव्ह बहुतेक गेममध्ये वेगवेगळं असतं. पीएस४ मध्ये करिअर मोड अर्धा झालाय आणि पीएस५ आवृत्ती उघडली तर ते आपोआप तिथं दिसेलच असं नाही. फिफा २३ ऑनलाइन खेळताना पीएस४ आवृत्तीवाल्यांना पीएस४ आणि एक्सबॉक्स वन वालेच समोर यायचे, पीएस५ वाले वेगळ्या गटात असायचे. घरात सोफ्यावर खेळायला याचा काही फरक पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी राहिलं. डिस्क आहेत तर डिस्कवालाच पीएस५ घे. डिजिटल एडिशन पाच-दहा हजाराने स्वस्त दिसतो म्हणून घेतला तर सगळ्या पीएस४ डिस्क कपाटात जातील आणि त्यांच्यासोबत रिमोटचा उपयोगही जाईल, कारण वेगळा डिस्क ड्राइव्ह विकत घेऊन जोडला नाही तर तेच गेम परत डिजिटल विकत घ्यावे लागतील.

हिरावाडीचा

गोदाकाठ दादांचं सगळं मान्य, पण मला यात राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. ड्युअलशॉक ४ ने पीएस५ चा गेम खेळता येतच नाही असं नाहीये. रिमोट प्ले लावा, म्हणजे पीएस५ चा गेम घरातल्या लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर स्ट्रीम करा, आणि लॅपटॉपला ड्युअलशॉक ४ जोडा, तोच पीएस५ चा गेम त्याच जुन्या रिमोटवर चालतो. मी चालवलाय. मग टीव्हीसमोर बसून तोच रिमोट का चालत नाही? बटणं तेवढीच आहेत, दोन अ‍ॅनालॉग, चार ट्रिगर, टचपॅड, जायरो (रिमोट हलवलेला ओळखणारा सेन्सर), सगळं जागच्या जागी. हार्डवेअरची अडचण नाहीये हे सरळ दिसतंय, हा कंपनीने घेतलेला निर्णय आहे आणि त्याची किंमत चार-चार जण एकत्र खेळणाऱ्या घरांनी भरायची. एकटा खेळणारा पेटीतल्या रिमोटवर खेळतो, त्याला कळत पण नाही.

ज्यांच्याकडे पैसे आहेत ते घेतील. आपल्याकडे पोरं वर्गणी काढून एक कन्सोल घेतात, त्यांना सहा हजार प्रत्येकी म्हणजे काय असतं ते बघा.

गोदाकाठ

हिरावाडी भाऊ, हार्डवेअरची अडचण नाही हे मलाही पटतं. पण गेम बनवणाऱ्याच्या बाजूने पण बघ जरा. ड्युअलसेन्सचे मागचे ट्रिगर गेमनुसार घट्ट-सैल होतात, व्हायब्रेशन नुसतं घरघर नसून बारीक बारीक वेगळं जाणवतं, माईक आतच आहे. प्रत्येक खेळाडूच्या हातात हे असणारच अशी खात्री असली की बनवणारा त्यावर गेमचा एखादा भाग उभा करू शकतो. अर्ध्यांच्या हातात जुना असेल तर तो भाग कोणी बनवणारच नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही.

फक्त माझं म्हणणं आहे की दोन जणांच्या फुटबॉलला किंवा फायटिंगला ट्रिगर घट्ट झाला नाही तर काही बिघडत नाही, तिथं परवानगी द्यायला हवी होती. निर्णय गेम बनवणाऱ्यावर सोडला असता तरी चाललं असतं.

देवळालीकर

मी यातला जरा जुना माणूस. तुम्ही पोरं ज्याला अन्याय म्हणताय तो प्लेस्टेशनमध्ये पहिल्यापासून कमी-जास्त चालत आलाय, उलट या वेळी थोडी तरी सूट आहे. पीएस१ आणि पीएस२ चं प्लग एकच होतं, त्यामुळे पीएस१ चा कंट्रोलर पीएस२ ला लागायचा. मग २००६ ला पीएस३ आला, वायरलेस झाला, प्लगच गेलं आणि जुने सगळे निरुपयोगी. २०१३ ला पीएस४ आला तेव्हा पीएस३ चा ड्युअलशॉक ३ अजिबात नाही, कुठल्याच गेमला नाही. आणि त्यात पीएस४ वर पीएस३ च्या डिस्क पण चालत नव्हत्या. पीएस५ ला निदान पीएस४ चे ४,००० हून जास्त गेम, मोजके सोडले तर सगळे चालतात आणि त्या सगळ्यांना जुना कंट्रोलर चालतो. ही छोटी गोष्ट नाही.

खरी तुलना करायची तर एक्सबॉक्सशी करा. माझ्याकडे सध्या सिरीज एस आहे. एक्सबॉक्स वनचे २०१३ पासूनचे सगळे कंट्रोलर सिरीज एक्स आणि एस ला चालतात, आणि जुन्या गेमलाच नाही, नव्या गेमला पण. नवा कंट्रोलर उलटा जुन्या एक्सबॉक्स वनला पण चालतो. इकडे ड्युअलसेन्स पीएस४ ला थेट चालत नाही हे पण लक्षात असू द्या, नाहीतर कोणीतरी पीएस४ साठीच नवा घेऊन बसायचा.

सातपूर_सिरीजएक्स

देवळालीकर काका बरोबर आहेत, थोडी भर घालतो. एक्सबॉक्स ३६० चा मात्र नाही चालत, ना वनला ना सिरीजला. गंमत अशी की ३६० चे बरेचसे गेम सिरीज एक्सवर चालतात पण ते खेळायला कंट्रोलर वनचा किंवा नवाच लागतो. कायनेक्ट (हालचाल ओळखणारा कॅमेरा) तर पूर्णच संपला. ३६० चा वायरवाला कंट्रोलर असेल तर फेकू नका, विंडोज पीसीला लावला की आजही लगेच ओळखतो, पोरांना पीसीवर खेळायला एक नंबर.

आणि जे सेकंडहँड एक्सबॉक्स वन कंट्रोलर घेतात त्यांनी मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक बघा. ते समोरच्या मुख्य प्लास्टिकचाच भाग असेल तर त्यात ब्लूटूथ आहे. ते वरच्या बंपर बटणांच्या चकचकीत तुकड्याला जोडलेलं असेल तर तो जुना, ब्लूटूथ नसलेला. कन्सोलला दोन्ही चालतात कारण कन्सोल ब्लूटूथवर बोलतच नाही, एक्सबॉक्सचं स्वतःचं वायरलेस आहे. पण मोबाईलला जोडायचा असेल तर ब्लूटूथवालाच लागेल. अगदी पहिल्या मॉडेलला हेडफोनचं ३.५ एमएमचं भोक पण नाही, ते २०१५ पासून आलं.

अजून एक. २०२३ च्या नोव्हेंबरपासून एक्सबॉक्सने परवाना नसलेले इतर कंपन्यांचे कंट्रोलर आणि अडॅप्टर अडवायला सुरुवात केली. आधी नीट चालणारे लोकांचे स्वस्तातले कंट्रोलर अपडेटनंतर बंद पडले. म्हणून पेटीवर एक्सबॉक्ससाठी परवाना असल्याचा शिक्का बघूनच घ्या.

पाथर्डीफाटा_रेसर

रिमोटबद्दल सगळे बोलले, स्टीअरिंग व्हीलचं कोणी नाही बोललं म्हणून लिहितो कारण तिथं नियम उलटा आहे आणि लोकांना माहीत नसल्यामुळे ते चांगली व्हील कवडीमोल भावात विकून टाकतात. पीएस४ साठी परवाना असलेली व्हील पीएस५ च्या गेमला पण चालतात. लॉजिटेक जी२९ हे पीएस४ च्या काळातलं व्हील, माझ्याकडे आहे, ग्रान टुरिस्मो ७ ची पीएस५ आवृत्ती त्यावर मस्त चालते, फोर्स फीडबॅक (व्हीलमध्ये जाणवणारा जोर) सकट. थ्रस्टमास्टर टी३०० पण चालतं. म्हणजे जी२९ चा माणूस पीएस५ वर व्हीलने पीएस५ चा गेम खेळू शकतो पण त्याच पीएस४ चा रिमोट नाही, हिरावाडी भाऊंच्या मुद्द्याला हे अजून एक उदाहरण.

पण जी२७ घेऊ नका. ओएलएक्सवर नाशिकमध्ये कधी कधी स्वस्तात दिसतं, ते पीएस३ च्या काळातलं आहे, पीएस४ लाच थेट चालत नव्हतं, पीएस५ चा प्रश्नच नाही. पीसीला मात्र चालतं. आणि जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीचं आहे, दिसायला जी२९ सारखंच, बटणांवरची चिन्हं बघून घ्या, नाहीतर घरी आणून उपयोग नाही.

सिडको_स्ट्रायकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बाबांना गोदाकाठ दादांचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांना डिस्कवाला घ्यायचं लगेच पटलं, ते म्हणे आधीच घेतलेल्या डिस्कचे पैसे वाया का घालवायचे.

आता अजून दोन शंका. टेकन ८ साठी दोघांना खेळायचं तर एक ड्युअलसेन्स घ्यावाच लागणार हे कळलं. पण बाजारात ते छोटे अडॅप्टर मिळतात, यूएसबीत लावायचे आणि जुना रिमोट नवा असल्यासारखा दाखवतात म्हणे, ते घ्यावेत का? आणि सोललेल्या रबराच्या रिमोटचं काय करू, दुरुस्त करू का तोच बदलून नवा घेऊ?

गोदाकाठ

अडॅप्टर माझ्या मते नको. ते अधिकृत नसतात, एखाद्या सिस्टीम अपडेटने बंद पडू शकतात आणि मग विकणारा हात वर करतो, सातपूर भाऊंनी एक्सबॉक्सचं काय झालं ते लिहिलंच आहे. त्यात हे अडॅप्टर ठराविक प्रकारच्या गेमपुरतेच चालतात. त्या पैशात अजून थोडे घालून ओरिजनल दुसरा ड्युअलसेन्स घे, तो पीएस४ चे गेम पण चालवतो आणि पीएस५ चे पण, म्हणजे कुठलाही गेम लावला तरी तो हातात असेल. सेलमध्ये भाव खाली येतो, दिवाळीच्या आधी लक्ष ठेव.

तुझ्या घरच्या हिशोबाने बोलायचं तर एकच जास्तीचा ड्युअलसेन्स पुरेल. टेकन ८ दोघांचाच, स्प्लिट फिक्शन पण दोघांचाच. तीन-चार जणांचा खेळ म्हणजे फिफा आणि क्रिकेट, ते पीएस४ डिस्कवरच ठेव, जुने तिन्ही कामाला येतील. ड्युअलसेन्सवर पीएस४ ची आवृत्ती खेळताना ट्रिगर घट्ट होणं वगैरे मिळणार नाही, साधं व्हायब्रेशन मिळेल, पण सगळ्यांना सारखंच मिळेल म्हणजे पोरांत भांडण नाही.

सोल्डरगन

रबराच्या रिमोटवर मी बोलतो, हे माझं रोजचं काम आहे. नुसतं रबर सोललं असेल तर नवीन टोपी मिळते, शंभर-दोनशेत काम होतं, रिमोट बदलायची अजिबात गरज नाही. पण आधी हे बघ की हात न लावता गेममध्ये खेळाडू आपोआप एका बाजूला सरकतो का. सरकत असेल तर तो ड्रिफ्ट, म्हणजे अ‍ॅनालॉगच्या आतले पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारे भाग) झिजलेत. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघतात, काही दिवस बरं चालतं, पण झीज असेल तर परत येतं. मग पूर्ण मॉड्यूल बदलावं लागतं, ते बोर्डाला सोल्डर केलेलं असतं, नवख्या माणसाने हात घातला तर बोर्डवरचे ट्रॅक उखडतात. हॉल इफेक्टवाले मॉड्यूल मिळाले तर तेच टाकून घे, त्यात चुंबकाने मोजतात, घासणारा भाग नसतो म्हणून झिजत नाही. नाशिकमध्ये पार्ट नाही मिळाला तर लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात, आजकाल ऑनलाइन पण मिळतो.

बॅटरी बदलणं सोपं आहे. ड्युअलशॉक ४ ची बॅटरी १,००० एमएएचची, मागचे चार स्क्रू काढले की दिसते, छोट्या कनेक्टरने लावलेली असते, सोल्डरिंग नाही. उघडताना मधली रिबन केबल ओढली जाऊ देऊ नका एवढंच. ड्युअलसेन्सची १,५६० एमएएच आहे, एकमेकांत चालत नाहीत. चार्जिंगचं पोर्ट सैल झालं असेल तर ते छोट्या वेगळ्या बोर्डावर असतं, तेवढंच बदलता येतं, पण तुमच्या मॉडेलचा बोर्ड कोणता ते उघडून बघितल्याशिवाय मागवू नका, वेगवेगळे आहेत आणि एकमेकांत बसत नाहीत.

आणि सगळ्यांना हात जोडून सांगतो, नवा कन्सोल आला म्हणून जुने रिमोट शून्य चार्जवर ड्रॉवरमध्ये वर्षभर टाकून ठेवू नका. लिथियम बॅटरी तशीच मरते. अर्धी चार्ज करून ठेवा, मधून मधून परत चार्ज करा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रिमोटमध्ये बाकी सगळं ठीक असतं, नुसती बॅटरी पडून पडून गेलेली असते, आणि लोक ते भंगारात द्यायला निघालेले असतात. चांगली चालणारी वस्तू आहे ती, तिला अजून पाच वर्षं आहेत. आणि फर्स्ट कॉपी घेऊ नका, हजार-दीड हजारात मिळते म्हणून पोरं घेतात, आतला माल हलका असतो, बॅटरीवर लिहिलेला आकडा खरा नसतो. तुझे तीन ओरिजनल आहेत, ते सांभाळ.

इंदिरानगर_आई

नमस्कार, मला गेममधलं फार कळत नाही पण विषय जवळचा आहे म्हणून विचारते. मुलाकडे निन्टेंडो स्विच आहे, त्याच्या काकांनी परदेशातून आणलेला. आता स्विच २ आणणार म्हणतात. त्याचे जुने जॉय-कॉन (कडेला लागणारे छोटे रिमोट) आणि एक मोठा प्रो कंट्रोलर आहे, ते चालतील का?

देवळालीकर

चालतील ताई. स्विच २ जून २०२५ मध्ये आला, त्याला जुने जॉय-कॉन आणि जुना प्रो कंट्रोलर वायरलेस जोडता येतात, नव्या गेमला पण. फक्त जुने जॉय-कॉन नव्या कन्सोलच्या कडेला बसत नाहीत, कारण जुन्यात खाचेत सरकवायची पद्धत होती आणि नव्यात चुंबकाने चिकटतात. त्यामुळे जुन्यांना नव्या कन्सोलवर लावून चार्ज करता येणार नाही. जुना स्विच विकणार असाल तर आधी जॉय-कॉन चार्ज करण्याची सोय वेगळी घ्या, चार्जिंग ग्रिप मिळते. आणि काही नवे गेम जॉय-कॉन टेबलावर माऊससारखा फिरवून खेळायचे असतात, ते जुन्यात नाही. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही, म्हणून वॉरंटीचा विचार करूनच मागवा.

इंदिरानगर_आई

धन्यवाद दादा. मग जुना स्विच ठेवूनच देते, चार्जिंगला उपयोगी पडेल.

हिरावाडीचा

स्ट्रायकर, एक राहिलं. जो रिमोट पीएस५ ला कमी वापरात येईल तो मोबाईल किंवा लॅपटॉपला जोड. अँड्रॉइड १० च्या पुढे आणि आयफोनला आयओएस १३ च्या पुढे ड्युअलशॉक ४ थेट ब्लूटूथने लागतो. शेअर आणि पीएस बटण एकत्र दाबून धर, लाईट भरभर लुकलुकायला लागला की मोबाईलच्या ब्लूटूथमध्ये दिसतो. लॅपटॉपवर स्टीममध्ये (पीसी गेमचं अ‍ॅप) तर तो नीट ओळखला जातो. पीएस५ चा एकट्याचा गेम रिमोट प्लेने आतल्या खोलीत खेळायचा असेल तर हाच रिमोट, म्हणजे घरचे टीव्हीवर मालिका बघत असले तरी तुझं चालू. त्याला सोनी किमान ५ एमबीपीएस सांगते, १५ असेल तर बरं, आणि शक्यतो पीएस५ राउटरला केबलने जोड, वायफायवर दोन्हीकडून ओझं पडलं की बटण दाबल्यावर उशिरा लागतं. फायटिंग गेमला ते नाही जमत, बाकी गोष्टवाल्या गेमला चालून जातं.

सिडको_स्ट्रायकर

हे माहीतच नव्हतं, भारी. मग ठरलं, डिस्कवाला पीएस५, एक जास्तीचा ड्युअलसेन्स सेलमध्ये, रबराची टोपी बदलून घेतो आणि फिफा-क्रिकेटच्या पीएस५ आवृत्त्या उतरवायच्याच नाहीत. बाबांना बारा हजारांऐवजी सहा सांगितले तर ते लगेच हो म्हणाले.

आज मित्राच्या पीएस५ ला माझा एक रिमोट जोडून बघितला इंदिरानगरला जाऊन, पण केबल लावली की चार्जिंगचा केशरी लाईट येतो आणि पीएस बटण दाबलं तरी पुढे काहीच होत नाही. रिमोट घरी पीएस४ ला तर चालतोय.

सोल्डरगन

केबल बदल. मोबाईल चार्जरसोबत आलेल्या बऱ्याच मायक्रो यूएसबी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतात. पीएस४ ला तुझा रिमोट आधीच जोडलेला आहे म्हणून तिथं तो बिनतारी चालतो, केबलचा संबंधच येत नाही. पीएस४ च्या पेटीतली मूळ केबल असेल तर ती ने.

तरी नाही झालं तर रिमोटच्या मागे, एल२ च्या बाजूला एक बारीक भोक आहे, आत रिसेटचं बटण असतं, टाचणीने काही सेकंद दाबून धर आणि मग परत डेटा केबल लावून पीएस बटण दाब. जोडला गेला की घरी आणल्यावर पीएस४ ला पुन्हा केबलनेच जोडावा लागेल, तो दोन्ही कन्सोल एका वेळी लक्षात ठेवत नाही, मग परत बिघडला म्हणून घाबरू नकोस.